उन्हाळी लागली म्हणून धने-पाणी पीत राहिले आणि दुखणं किडनीपर्यंत गेलं

रानजाई

मागच्या महिन्यात चार दिवस दवाखान्यात सलाईनवर होते. घरी आल्यापासून हे लिहायचं मनात होतं, पण ‘लघवी’ हा शब्द टंकतानाच हात अडखळायचा. मी लाजले म्हणूनच दुखणं इतकं वाढलं, तेव्हा आता तरी मोकळेपणी लिहिते.

मी माण तालुक्यातल्या एका शाळेत शिकवते. शाळेत शौचालय आहे, पण फेब्रुवारी सरला की टाकीत पाणी नसतं. त्यामुळे सकाळी घरून निघाले की संध्याकाळी परत येईपर्यंत लघवीला जायचंच नाही, आणि जावं लागू नये म्हणून पाणीही दोन घोटांच्या वर प्यायचं नाही, अशी अकरा वर्षांची सवय. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात जळजळ सुरू झाली. दर अर्ध्या तासाने जावंसं वाटायचं, गेलं की चार थेंब, आणि शेवटच्या थेंबाला अशी तिडीक की भिंत धरून उभं राहावं लागे. सासूबाई म्हणाल्या, उन्हाळी लागलीय. त्यांनी प्रेमाने धने-जिरे रात्री भिजत घालून सकाळी गाळून दिले, दुपारी सब्जा. दोन दिवस बरं वाटल्यासारखं झालं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग मेडिकलवाल्याकडून लघवी साफ करणारं पातळ औषध आणलं. त्याने विचारलं, “गोळ्या पण देऊ का?” आणि चार गोळ्या कापून दिल्या. दोन दिवसांत जळजळ थांबली. मी खूश.

नवव्या दिवशी पाचवीच्या वर्गावर असताना हुडहुडी भरली. मार्चच्या उन्हात दोन चादरी घेऊन कुडकुडत होते. ताप १०३. डाव्या बाजूला पाठीत, बरगड्या संपतात तिथे, कोणी आतून मूठ आवळतंय अशी कळ. पाण्याचा घोटही पोटात ठरेना. गावातल्या डॉक्टरांनी पाठीवर त्या जागी हलकेच ठोकलं तर मी ओरडलेच. त्यांनी लगेच साताऱ्याला पाठवलं. डाव्या किडनीला जंतुसंसर्ग. कल्चरमध्ये, म्हणजे लघवीतला जंतू लॅबमध्ये वाढवून बघतात त्या तपासणीत, ई. कोलाय निघाला, आणि मी ज्या गोळ्या खाल्ल्या होत्या नेमक्या त्याच गोळ्यांना तो जुमानत नव्हता. म्हणजे त्या दोन दिवसांत दुखणं फक्त दबलं होतं.

तिथल्या डॉक्टरबाईंनी मला जे समजावलं ते आधी माहीत असतं तर बरं झालं असतं. ई. कोलाय हा आपल्या आतड्यात राहणारा जंतू. तिथे तो काही बिघडवत नाही. बायकांची मूत्रनलिका जेमतेम ४ सेंटिमीटर, पुरुषांची साधारण २०. गुदद्वारही जवळच. त्यामुळे हा जंतू मूत्राशयात पोचायला आपल्याकडे वाट फार छोटी. दर वेळी लघवी झाली की तो धुऊन जातो. आपण तासन् तास लघवी धरून ठेवली की त्याला वाढायला वेळ मिळतो. मूत्राशयातच थांबला तर जळजळ आणि कळा. तिथून वर मूत्रवाहिनीने किडनीला पोचला तर माझ्यासारखं.

‘उन्हाळी’ हा आपला शब्दच मला नडला. उष्णता झाली म्हटलं की थंड काहीतरी प्यायचं आणि वाट बघायची, इतकंच डोक्यात येतं. जंतूचा विचारच येत नाही. तुमच्याकडेही असंच होतं का? कोणाला अनुभव असतील तर लिहा.

---

कोकणवेल

ताई, लिहिलंत ते बरं केलंत. तब्येत जपा.

आमच्याकडे वाळ्याचं पाणी देतात आणि शहाळी. लहानपणापासून मला दर मे महिन्यात एकदा तरी उन्हाळी लागतेच आणि दिवसभरात जातेही. मग दर वेळी तो जंतूच असतो का? नुसती उष्णता कुठली आणि जंतू कुठला, हे घरी कसं ओळखायचं?

---

शेवंती

मी ग्रामीण रुग्णालयात १८ वर्षं काम करणारी डॉक्टर आहे. कोकणवेल, तुमचा प्रश्न रोज ओपीडीत येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

उन्हात घाम जातो, पाणी कमी पडतं, लघवी गडद पिवळी आणि तीव्र होते. अशी लघवी होताना थोडं चरचरतं, हे खरं आहे. पण पोटभर पाणी प्यायलात, लघवीचा रंग निवळला की चरचर त्याच दिवशी जायला हवी. दुसऱ्या दिवशीही जळजळ असेल, सारखं जावंसं वाटत असेल, जाऊन आल्यावरही मोकळं वाटत नसेल, ओटीपोटात जड दुखत असेल, लघवी गढूळ दिसत असेल, तर ती उष्णता नव्हे. लालसर दिसली तर एक दिवसही थांबू नका.

आणखी एक सांगते. अंगावरून पांढरं जात असेल किंवा बाहेरच्या भागाला खाज असेल, तर कारण बहुतेक वेळा वेगळं असतं, योनिमार्गाचा बुरशीसंसर्ग वगैरे. त्यातही तिथल्या कातडीला लघवी लागली की आग होते. बायका दोन्हीला ‘जळजळ’च म्हणतात आणि चुकीचं औषध घेतात. म्हणून जळजळ नक्की कुठे होते, आत की बाहेर, हे डॉक्टरांना सांगा. मी स्वतः विचारते, कारण आपणहून कोणी सांगत नाही.

थंडी वाजून ताप, पाठीत बरगड्यांखाली एका बाजूला कळ, उलट्या, यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. रात्र असली तरी. किडनीतला संसर्ग रक्तात पसरू शकतो आणि मग प्रश्न जिवाचा असतो. रानजाई वेळेवर पोचल्या.

औषधांबद्दल. साध्या मूत्राशयाच्या संसर्गाला आपल्याकडे सध्या बहुधा नायट्रोफ्युरँटॉइन ५ दिवस किंवा फॉस्फोमायसिनची ३ ग्रॅमची एकच पुडी देतो. ही नावं तुम्हाला माहीत असावीत म्हणून लिहिली, मेडिकलमध्ये जाऊन मागावीत म्हणून नव्हे. नायट्रोफ्युरँटॉइन जेवणानंतर घ्यायचं, त्याने लघवी गडद तपकिरी होते, घाबरायचं नाही. पण किडनी अधू असेल तर ते चालत नाही, आणि संसर्ग किडनीत गेला असेल तर ते उपयोगाचं नाही, कारण ते लघवीत जमतं, किडनीच्या पेशीजालात पुरेसं पोचत नाही. त्यामुळे आधी तपासून घेणं हाच उपचाराचा पहिला भाग आहे.

ज्या गोळ्या पूर्वी सर्रास द्यायचो, नॉरफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, त्यांची धार ई. कोलायवर गेली आहे. आयसीएमआर या वैद्यकीय संशोधनाच्या राष्ट्रीय संस्थेचे वार्षिक अहवाल हेच सांगतात. चार-चार गोळ्या कापून विकण्याने आणि दोन दिवसांत बंद करण्याने आपणच ती घालवली. ज्या पाकिटावर उभी लाल रेघ असते ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचं नसतं. २०१६ पासून सरकारने या रेघेचा प्रचार केला, पण अजून किती जणांनी ती रेघ नीट पाहिली आहे?

आणि ते लघवी साफ करणारं पातळ औषध लघवीची आम्लता कमी करतं, त्यामुळे जळजळ कमी वाटते. जंतू मरत नाही.

---

काचपट्टी

मी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. शेवंती डॉक्टरांनी औषधांचं लिहिलं, मी बाटलीचं लिहिते. कारण बरेच रिपोर्ट बाटलीतच बिघडतात आणि पेशंटला ते कोणी सांगत नाही.

साध्या तपासणीत आम्ही लघवी यंत्रात फिरवून खाली बसलेला साका काचपट्टीवर घेतो आणि पस सेल, म्हणजे पांढऱ्या पेशी मोजतो. पट्टी बुडवून नायट्राइटही बघतो. ई. कोलायसारखे जंतू लघवीतल्या नायट्रेटचं नायट्राइट करतात, त्यामुळे पट्टी गुलाबी झाली की जंतू असण्याची शक्यता खूप. पण लघवी मूत्राशयात काही तास राहिलेली असेल तरच हे घडतं. दर अर्ध्या तासाने जाणाऱ्या बाईची पट्टी कोरी येऊ शकते, म्हणून नायट्राइट नाही म्हणजे संसर्ग नाही असं होत नाही.

कल्चरला ठरावीक माप घेऊन आम्ही लघवी ताटलीत पसरतो, १८ ते २४ तास उबेला ठेवतो. जंतू उगवला तर कोणता ते ओळखायचं आणि त्यावर वेगवेगळी प्रतिजैविकं लावून बघायची, त्याला आणखी एक दिवस. म्हणून रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात. काउंटरवर येऊन “आत्ता का नाही देत?” म्हणून आमच्यावर रागावू नका. जंतूला वाढायला लागतो तेवढा वेळ लागतोच. रिपोर्टमध्ये औषधापुढे एस असेल तर जंतू त्या औषधाला दबतो, आर असेल तर जुमानत नाही.

आता नमुना कसा द्यायचा. शक्यतो सकाळची पहिली लघवी. हात साबणाने धुवा. बाहेरचा भाग साध्या पाण्याने पुढून मागे धुवा, डेटॉल नको, साबण राहिला तर तोही नको. पाळी चालू असेल तर सांगा. पहिली थोडी धार जाऊ द्या, मग न थांबता मधली धार बाटलीत घ्या, शेवटची पुन्हा सोडून द्या. पहिल्या धारेबरोबर कातडीवरचे जंतू वाहून येतात, ते आम्हाला नको असतात. झाकणाच्या आत बोट लावू नका. बाटली आमच्याकडून घ्या, घरची औषधाची किंवा लोणच्याची धुतलेली बाटली चालत नाही. कितीही उकळली तरी नाही.

दोन तासांच्या आत पोचवा. गाव लांब असेल तर फ्रिजमध्ये ठेवा, डीप फ्रीजरमध्ये नाही, आणि त्याच दिवशी आणा. उन्हात मोटारसायकलच्या डिकीत दोन तास हिंडलेल्या बाटलीत एका जंतूचे कितीतरी होतात, आणि मग रिपोर्टवर ‘मिश्र वाढ’, म्हणजे अनेक जंतू एकत्र उगवलेत, असं लिहावं लागतं. पेशंटचे पैसे आणि तीन दिवस दोन्ही वाया.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अँटिबायोटिकची पहिली गोळी घेण्याआधी नमुना द्या. एक गोळी पोटात गेली तरी ताटलीवर काही उगवेलच असं नाही, आणि दुखणं मात्र आत असतं.

---

कोकणवेल

शेवंती डॉक्टर, काचपट्टी, मनापासून आभार. आत की बाहेर हा फरक मला आजवर कोणी विचारलाच नव्हता. आणि बाटलीबद्दल... आईच्या वेळी मी खरंच औषधाची धुतलेली बाटली दिली होती. रिपोर्ट ‘मिश्र वाढ’ आला होता!

---

एसटीची_लेक

मी वाहक आहे. रानजाई ताईंचं पाणी न पिण्याचं वाचलं आणि आपलंच कोणीतरी लिहिलंय असं वाटलं. आमच्यात नवीन मुलगी आली की जुन्या बाया पहिला धडा देतात, ड्यूटीच्या दिवशी चहा एकच घ्यायचा आणि पाणी घशाला ओल येण्यापुरतं. गाडी लागली की गर्दी, हिशेब, पुढची फेरी. स्टँडवर बायकांचं असतं, पण कडी नाही, कुठे पाणी नाही, कुठे आत पाऊल ठेववत नाही. पुरुष गाडीमागे उभे राहतात. आम्ही कुठे जायचं?

मला वर्षात तिसऱ्यांदा जळजळ झालीय. दर वेळी मेडिकलमधूनच गोळ्या. आज चौथा दिवस आहे, ताप नाही. घरात सांगितलं तर सासू म्हणाली, “असलं दुखणं बाहेरच्यांत मिसळणाऱ्या बायांनाच कसं होतं?” ते लागलं मनाला. हा नवरा-बायकोच्या संबंधातून होणारा रोग आहे का?

---

शेवंती

एसटीची लेक, आधी हे ऐका. हा गुप्तरोग नाही. कोणाकडून ‘लागत’ नाही. जंतू तुमच्याच आतड्यातला असतो. लग्न न झालेल्या मुलींना, म्हाताऱ्या बायकांना, दुपट्यातल्या बाळांनाही होतो. जगातल्या जवळजवळ निम्म्या बायकांना आयुष्यात एकदा तरी होतो. संबंधांच्या वेळी तो जंतू पुढे ढकलला जाऊ शकतो, म्हणून काही जणींना त्यानंतर त्रास सुरू होतो. त्यासाठी नंतर लगेच लघवीला जाऊन यायचं, एवढंच. त्यात चारित्र्याचा काडीचाही संबंध नाही. सासूबाईंना हवं तर हा धागा वाचून दाखवा.

सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा झालं, की त्याला आम्ही ‘वारंवार होणारा संसर्ग’ म्हणतो आणि मग कल्चरशिवाय औषध देत नाही. उद्याच जवळच्या सरकारी दवाखान्यात जा. ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि औषधं मोफत आहेत. साधी तपासणी प्राथमिक केंद्रातही होते, कल्चरचा नमुना मोठ्या रुग्णालयात न्यावा लागेल. गोळी घेतली नसेल तर आता घेऊ नका, आधी नमुना.

पाण्याचं मी तोंडदेखलं सांगत नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्या बायकांना हा त्रास वारंवार होत होता आणि ज्या पाणी कमी पीत होत्या अशा १४० जणींपैकी निम्म्या जणींना रोज दीड लिटर जास्त पाणी दिलं. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा त्रास झाला, उरलेल्यांना ३.२ वेळा. नुसत्या पाण्याने. पण पाणी प्यायला सांगायचं आणि जायला जागा द्यायची नाही, हे मी डॉक्टर म्हणून कोणत्या तोंडाने सांगू? तुमच्या ड्यूटीपुरतं एवढं करा. निघण्याच्या दोन तास आधी भरपूर पाणी प्या, निघताना जाऊन या, जिथे बरी जागा आहे असा एक थांबा हेरून ठेवा आणि तिथे घाई असली तरी जाच. घरी आलात की पुन्हा भरपूर पाणी.

---

माळरान

मला डॉक्टरीतलं कळत नाही, पण जागेच्या प्रश्नावर लिहावंसं वाटलं. हा प्रश्न बाईच्या सवयीचा म्हणून सोडून देता येणार नाही. मुंबईत ‘राइट टू पी’ चळवळीतल्या बायकांनी वर्षानुवर्षं हेच मांडलं, की पुरुषांना मुतारी फुकट आणि बाईला पैसे, किंवा जागाच नाही. पुण्यातल्या ‘मिळून साऱ्याजणी’ संस्थेने जनहित याचिका केली होती. डिसेंबर २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने महापालिकांना रस्त्यांवर, बाजारांत बायकांसाठी स्वच्छ स्वच्छतागृहं बांधायला आणि त्यासाठी समित्या नेमायला सांगितलं. त्याला बरीच वर्षं झाली. आपापल्या शहरात मोजून बघा.

आणि ज्यांच्यासाठी कोणी याचिकाही करत नाही त्या ऊसतोडीच्या बाया. मी बीडकडची आहे. पहाटे तीनला फडात, राहायच्या झोपडीला, कोपीला, ना संडास ना न्हाणी, पाळीतही उसाच्या मोळ्या डोक्यावर. अंगावरून जाणं, जळजळ, ओटीपोटात दुखणं, सगळं अंगावर काढतात कारण खाडा झाला की पैसे कापले जातात. त्यातून ‘पिशवी काढून टाका, कटकट मिटेल’ असं सांगणारे भेटले. गर्भाशयाच्या त्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला २०१९ मध्ये सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. माझ्या चुलतबहिणीची पिशवी तिशीच्या आत काढली. तिची जळजळ अजून आहे. त्या वेळी तिची लघवी कोणी एकदाही तपासली नव्हती.

---

पैलतीर

मी इंग्लंडमध्ये असते, म्हणून इथलं सांगते. इथे ३१ जानेवारी २०२४ पासून सात साध्या आजारांवर औषधाच्या दुकानातले फार्मासिस्टच तपासून औषध देऊ शकतात, डॉक्टरांची वेळ घ्यावी लागत नाही. त्यात १६ ते ६४ वयाच्या बायकांचा साधा मूत्रसंसर्ग आहे. मी गेल्या हिवाळ्यात गेले होते. बाजूच्या छोट्या खोलीत नेऊन तीन गोष्टी विचारल्या, लघवीला जळजळ आहे का, रात्री नव्याने उठावं लागतंय का, लघवी गढूळ दिसते का. मग गरोदर आहात का, ताप-थंडी, पाठदुखी, अंगावरून जाणं. यांतलं काही असतं तर डॉक्टरांकडेच पाठवलं असतं. नायट्रोफ्युरँटॉइन मिळालं, तेही तीनच दिवसांचं.

मला प्रश्न पडला होता की तीन दिवस पुरतात, तर भारतात पाच का? कोणाचं बरोबर?

---

शेवंती

दोन्ही ठिकाणी त्या-त्या देशाची ठरलेली उपचारपद्धती पाळतात. तिथे गरोदर नसलेल्या बाईच्या साध्या संसर्गाला तीन दिवस, आपल्याकडे पाच. पुरुषाला, गरोदर बाईला, किडनीच्या संसर्गाला आणखी जास्त. त्यामुळे ‘कोर्स पूर्ण करा’ म्हणजे चिठ्ठीवर लिहिलेत तितके दिवस. बरं वाटलं म्हणून कमी नाही, आणि उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळेसाठी डब्यात ठेवायच्या नाहीत. पण ४८ तासांत काहीच फरक पडला नाही तर कोर्स संपायची वाट न बघता परत या.

इंग्लंडमधला फार्मासिस्ट विचारून, नोंद करून, कधी नकार देऊनही औषध देतो. आपल्याकडे मेडिकलच्या काउंटरवर दहा गिऱ्हाइकांसमोर बाई हळूच कागदावर लिहून दाखवते. गरोदर आहेस का, हेही कोणी विचारत नाही.

---

ओवी

मी विचारू की नको करत होते. पाचवा महिना चालू आहे. मला काहीच त्रास नाही, जळजळ नाही, ताप नाही. नेहमीच्या तपासणीत कल्चर केलं तर जंतू निघाले आणि गोळ्या लिहून दिल्यात. घरी सगळे म्हणतात, त्रास नाही तर पोटात बाळ असताना अँटिबायोटिक कशाला? चिठ्ठी तीन दिवस पर्समध्ये आहे.

---

शेवंती

ओवी, आजच सुरू करा. इतर कोणाला त्रास नसताना जंतू दिसले तर आम्ही बहुधा औषध देत नाही. गरोदर बाई याला अपवाद आहे. गरोदरपणात मूत्रवाहिन्या सैलावतात, गर्भाशयाचा भार पडतो, लघवी वर साचून राहते. उपचार न केल्यास अशा दर दहा जणींमधल्या दोन ते चार जणींचा संसर्ग किडनीपर्यंत जातो, आणि त्यातून दिवस भरण्याआधी कळा येण्याचा, बाळाचं वजन कमी राहण्याचा धोका. गरोदरपणात चालणारी औषधं आहेत आणि महिना बघूनच ती लिहितात. नायट्रोफ्युरँटॉइन शेवटच्या दिवसांत टाळतात, ते तुमच्या डॉक्टरांना ठाऊक असतं. चिठ्ठीवर शंका असेल तर त्यांना फोन करा, पण गोळी लांबवू नका. कोर्स झाल्यावर पुन्हा कल्चर करायला विसरू नका.

---

बाभूळबन

माझी आई ६८ वर्षांची, मधुमेह बारा वर्षांपासून. वर्षात चार वेळा हे झालंय. गेल्या दोन वेळा तर तिला त्रास काहीच नव्हता, साखरेबरोबर लघवी तपासली, पस सेल जास्त आले आणि अँटिबायोटिक दिलं. ते घेतलं की तोंड येतं, जुलाब होतात. मी मुलगा असल्याने ती मला नीट सांगत नाही. काय विचारावं तिच्या डॉक्टरांना?

---

शेवंती

बाभूळबन, आईसाठी मुलगा विचारतो आहे, हे वाचून बरं वाटलं. तीन गोष्टी विचारा.

त्रास नसताना नुसते पस सेल किंवा जंतू दिसले म्हणून औषध खरंच हवं आहे का? मधुमेह असला तरी बहुधा नको असतं. उतारवयात अनेक जणींच्या लघवीत जंतू नुसते राहतात. त्यांना उगाच मारायला गेलं की उरतात ते चिवट. मात्र आई अचानक गुंगीत गेली, असंबद्ध बोलू लागली, ताप आला तर ताबडतोब न्या.

दुसरं, लघवी करून झाल्यावर मूत्राशयात किती उरते, हे सोनोग्राफीत बघायला सांगा. जुन्या मधुमेहात मूत्राशयाच्या नसा मंदावतात आणि लघवी पूर्ण बाहेर पडत नाही. खडा आहे का, तेही त्याच वेळी कळेल. साखरेच्या गोळ्यांची यादीही दाखवा. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर काढतात, त्याने बाहेरच्या भागाला बुरशी होऊन आग होते आणि ती मूत्रसंसर्ग समजली जाते.

तिसरं, पाळी गेल्यावर त्या भागातली कातडी कोरडी, पातळ होते आणि तिथले राखणदार जंतू कमी होतात. इस्ट्रोजेनचं मलम योनिमार्गात लावल्याने संसर्ग पुन्हा पुन्हा होण्याचं प्रमाण कमी होतं. स्तनाचा कर्करोग झाला असेल तर आधी सांगायचं. आपल्याकडे हे मलम फार कमी बायकांपर्यंत पोचतं, कारण साठीनंतरच्या बाईला ‘तिथलं’ कोणी विचारत नाही. आई तुम्हाला सांगत नसेल तर बहिणीला किंवा मावशीला बरोबर पाठवा.

---

सह्यकडा

पुरुषांनीही वाचावा असा धागा. मला ५७ व्या वर्षी झालं. धार बारीक झाली होती, रात्री चार वेळा उठत होतो, वय म्हणून सोडून दिलं. ताप आल्यावर कळलं, मूत्राशयाखालची प्रोस्टेट ग्रंथी वाढल्याने लघवी साचत होती. डॉक्टर म्हणाले, पुरुषाला झाला की मागे काही अडथळा आहे का हे बघावंच लागतं.

---

रानजाई

इतकं लिहिलंत सगळ्यांनी. शाळेतल्या तिघी जणींना वाचायला दिलं.

काल एका मैत्रिणीने क्रॅनबेरीच्या गोळ्यांचं पाकीट आणून दिलं, आणि गावातल्या वैद्यांनी गोखरूचा काढा सांगितलाय. घेऊ का डॉक्टर? आणि सासूबाईंचं धने-पाणी? त्यांना वाईट वाटू नये असंही वाटतं.

---

शेवंती

धने-पाणी खुशाल घ्या. त्यानिमित्ताने दोन पेले पाणी जास्त जातं आणि प्रेमाने कोणी करून देतं. फक्त नमुना देणं आणि औषध घेणं त्यामुळे लांबता कामा नये. क्रॅनबेरीने वारंवार त्रास होणाऱ्या बायकांमध्ये पुन्हा होण्याचं प्रमाण काहीसं घटतं, असं २०२३ च्या कोक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या अहवालात दिसलं. झालेला संसर्ग मात्र तिने बरा होत नाही, आणि महाग पडते. काढ्याचं वैद्यांना नीट सांगा की नुकतीच किडनीला सूज येऊन गेली आहे. चालू औषधं संपेपर्यंत मी तरी दुसरं काही मिसळणार नाही.

---

बाभूळबन

तीन आठवड्यांनी लिहितोय. मावशीला आईबरोबर पाठवलं. सोनोग्राफीत लघवी करून झाल्यावरही १८० मिली उरलेली दिसली. आता तिला ठरावीक वेळाने जायला आणि पाच मिनिटांनी पुन्हा एकदा जायला शिकवलंय. मलम सुरू आहे. या वेळी पस सेल होते, त्रास नव्हता, डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं नाही. आईची जेवणावरची वासना परत आली आहे.

---

एसटीची_लेक

माझं कल्चर आलं. ई. कोलाय. आधीच्या गोळ्यांपुढे आर होतं, नायट्रोफ्युरँटॉइनपुढे एस. पाच दिवस घेतल्या, लघवी तपकिरी झाली तेव्हा इथलं आठवलं म्हणून घाबरले नाही. आता त्रास नाही.

आम्ही नऊ जणींनी मिळून आगारात लेखी अर्ज दिलाय. बायकांच्या स्वच्छतागृहाला कडी, दिवा आणि पाण्याचा नळ, आणि लांब फेरीत दहा मिनिटांचा एक थांबा. अर्जाची पोच घेऊन ठेवली आहे. रानजाई ताई, तुमच्या शाळेच्या टाकीचं काय झालं?

---

रानजाई

ग्रामसभेत विषय मांडला. बोलताना आवाज कापत होता, पण ‘लघवी’ हा शब्द तसाच उच्चारला. उन्हाळा संपेपर्यंत आठवड्याला एक टँकर शाळेच्या टाकीत सोडायचा, असं ठरलंय. पहिला सोमवारी आला. मुलींनीच टाकीचं झाकण उघडून दिलं.